पंचनाम्यातली गाळलेली ओळ

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. ओझरला विघ्नहरापुढं उभी राहिले होते, तेव्हा वाटलं होतं इथं तरी मनातल्या मनात म्हणावं. पण मी डोळे मिटून धंद्याला बरकत मागितली आणि गुमान बाहेर आले. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुमची-माझी ओळख नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे ओठांवर येतं आणि तिथंच अडतं — करून बघितलंय मी.

माझा पनीरचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय — पत्र्याची शेड, स्टीलच्या दोन टाक्या, पनीर दाबायचं यंत्र, एक मोठा फ्रीजर आणि कामाला चार बायका. मंचर-नारायणगावच्या हायवेवर कुठल्या ढाब्यात तुम्ही पनीरची भाजी खाल्ली असेल, तर ते पनीर माझ्याकडचं असू शकतं. गावाचं नाव सांगत नाही. महाळुंगे पडवळहून फार लांब नाही, एवढं पुरे.

बचत गटाच्या बायका माझ्याकडं मुद्दाम येतात. ताई, परवाने कसे काढले? सुरुवात कुठून करायची? मी सगळं सांगते, हातचं राखत नाही. कुठला अर्ज आधी, कुठला मागून, कुठं झेरॉक्स चालते, कुठं मूळ कागदच दाखवावा लागतो. त्या वहीत लिहून घेतात. जाताना म्हणतात, "ताई, लई खटपट केली तुमी." मी हसते. एक गोष्ट तेवढी त्यांच्या वहीत जात नाही.

खटपट केली, हे खरंच आहे. अकरा महिने लागले कागद गोळा करायला. आधारवर माझं नाव सुरेखा, सातबाऱ्यावर सुरेखाबाई — त्या एका 'बाई'पायी तहसीलला तीन खेपा झाल्या. अन्न परवान्याचा अर्ज मोबाइलवर भरायचा. पण आमच्याकडं रेंज मिळते ती गोठ्यामागच्या खडकावर. ओटीपी आला की मी खडकावरून पळत घरात यायची, लेक लॅपटॉप धरून बसलेली असायची, आणि तोवर त्याची वेळ संपलेली. पाण्याचा तपासणी अहवाल. कामाला येणाऱ्या बायकांचे आरोग्याचे दाखले. वजनकाट्यावरचा शिक्का. ग्रामपंचायतीची ना हरकत — त्यासाठी ग्रामसभा, आणि ग्रामसभेला माणसं पुरेशी जमली नाहीत म्हणून ती तहकूब. एका टेबलावर म्हणायचे, आधी तो दाखला आणा. तिकडं गेलं की म्हणायचे, आधी हा आणा.

पण टेबलामागची माणसं वाईट नव्हती. एका बाईंनी तर माझा फोटो चढत नव्हता तो स्वतः लहान करून दिला, वर डब्यातली अर्धी चपाती मला खायला लावली. चूक त्यांच्यात कुणाची नव्हती. हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढं माझंच मन पळवाट काढेल — कायदेच असले, म्हणून माणूस असं वागतो, वगैरे. काढलीय त्यानं बऱ्याचदा.

शेड मी आधीच उभारली होती. परवाने येतील तोवर बांधकाम तरी होऊन जाईल, असा हिशेब. डोंगराकडच्या उतारावरची आमच्या वाटणीची जागा — विजेचा खांब जवळ, रस्ता जवळ. आणि मग शेवटचा कागद राहिला. सांडपाण्याचा.

दूध फाडलं की पनीर निघतं थोडं आणि उरतं ते हिरवट-पिवळं, आंबूस पाणी. त्याला निवळी म्हणतात. घमेलं-दोन घमेली असेल तर म्हशींना पाजता येते. पण रोजचं एवढं दूध फाडल्यावर निवळी किती होईल, विचार करा. ती कुठं सोडणार, असा अर्जात प्रश्न होता. मी लिहिलं — शोषखड्डा. त्याच्याच खाली दुसरा प्रश्न. शंभर मीटरच्या आत पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे काय?

होता ना.

शेडपासून उतारानं खाली गेलं की निरगुडीची दाट जाळी आहे. तिच्याआड खडकाला एक फट आहे. तिथून पाणी झिरपतं आणि खालचा खड्डा भरतो. आम्ही त्याला झिरा म्हणतो. नवख्या माणसाला दिसायचा नाही. गावात नळ आल्यापासून गावानं तो सोडलेला. त्याच्या पाण्यावर एकच घर राहत होतं — ठकूआक्काचं.

ठकूआक्का धनगराची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. नवरा कधीच गेलेला. ती, मुलगा, सून आणि तीसेक मेंढरं. नळाची लाइन त्यांच्या वस्तीपर्यंत पोचलीच नव्हती. सकाळी हंडा घेऊन झिऱ्यावर ती, दुपारी झिऱ्यावर मेंढरं. तिच्या सासूच्याही आधीपासून हे असंच चाललेलं.

मी त्या प्रश्नापुढं 'नाही' लिहिलं.

'आहे' लिहिलं असतं तर काय झालं असतं? जागा बदला म्हणाले असते. नाहीतर पक्की टाकी बांधा, पुन्हा अर्ज, पुन्हा पाहणी. अजून एक वर्ष. शेडचे पत्रे तसेच तापत राहिले असते, आणि गाव म्हणालं असतं, निघाली होती कारखानदारीण व्हायला. शोषखड्ड्यात पाणी जिरून जाईल, ते झिऱ्यापर्यंत कशाला पोचतंय — असं मी स्वतःला समजावलं. पण ज्यानं तो खड्डा खणला त्याची पहार कमरेएवढ्या खोलीवरच टणकन वाजली होती. तो म्हणाला होता, "वयनी, खाली समदा पत्थर हाय. ह्यात पानी जिरायचं न्हाई, उताराला लागंल." मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

एवढंच असतं तर मी तुम्हाला इतका वेळ बसवून ठेवलं नसतं. अर्जात खोटं लिहिणारी मी पहिली नाही. पुढं जे झालं, ते सांगायला मला वळसे घ्यावे लागतायत.

पाहणीला साहेब आले. कोवळा पोरगाच म्हणा, बाहेरगावचा, मोटारसायकलवर. बूट काढून शेडमध्ये आला, एवढा अदबीचा. सगळं मोजलं, फोटो काढले. खाली उताराकडं बोट करून विचारलं, "तिकडं काय आहे?" मी म्हटलं, "ओढा. पावसाळ्यात वाहतो फक्त." यात खोटं काय होतं? ओढा होताच की. तो पावसाळ्यातच वाहायचा. त्यानं मान हलवली, टेबलावर बसून पंचनामा लिहिला आणि म्हणाला, "शेजारचे दोन पंच लागतील सहीला."

त्या दिवशी मंचरचा बाजार. वस्तीवर माणूस नाही. एक दूधवाले शेजारी सापडले. त्यांना घाई, त्यांनी उभ्या उभ्या सही ठोकली. दुसरं कोण? तेवढ्यात ठकूआक्का खालून वर येताना दिसली. हंडा तिनं बांधावर ठेवला आणि हाकेसरशी आली. लुगड्याचा काठ ओला होता. साहेबांच्या तो ध्यानात आला नाही. माझ्या आला.

साहेबांनी विचारलं, "आजी, वाचता येतं का?"

ती लाजली. म्हणाली, "वाचाया न्हाई येत. पर सही येती. ह्या मास्तरनीनं शिकिवली."

हे तुम्हाला सांगायलाच हवं. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मी बारावी झालेली एकटीच सून होते. साक्षरतेचे वर्ग निघाले, ते दुपारचे समाजमंदिरात मी घ्यायची. बायका यायच्या, दोन-चार दिवसांनी गळायच्या. ठकूआक्का गळाली नाही. मेंढरं तेव्हा सासूवर सोपवून यायची. 'ठकूबाई' ही चार अक्षरं गिरवायला तिला पाऊण महिना लागला. ज्या दिवशी न बघता जमली, त्या दिवशी तिनं पाटी पदराखाली धरून घरी नेली, पुसली जाऊ नये म्हणून. पुढं वर्ग बंद पडला. वाचन राहिलंच. तेव्हापासून ती मला मास्तरीणच म्हणायची.

साहेबांचा फोन वाजला. त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "ताई, तुम्हीच वाचून दाखवा त्यांना. न वाचता सही नको." आणि ते बोलायला दाराशी गेले. बघा, त्यानं सांगितलं होतं. न वाचता सही नको, म्हणाला होता तो.

मी वाचायला लागले. मोठ्यानं, ओळीखाली बोट धरून, वर्गात वाचायची तशी. जागेचा गट नंबर. शेडची लांबी-रुंदी. वीज जोडणी. शोषखड्डा एक. मग ती ओळ आली — 'शंभर मीटरच्या आत पिण्याच्या पाण्याचा कोणताही स्रोत आढळून आला नाही.' माझं बोट त्या ओळीखालून गेलं. आवाज गेला नाही. मी पुढची ओळ वाचली — 'वरील मजकूर पंचांना वाचून दाखवला, तो त्यांना मान्य आहे.'

ठकूआक्का म्हणाली, "झ्याक वाचतीस अजून." आणि जीभ दातांत धरून, सावकाश, एकेक अक्षर मोजून तिनं सही केली.

परवाना आला. कारखाना सुरू झाला. पहिलं वर्ष बरं गेलं. निवळी कमी होती, गोठ्यावाले घेऊन जायचे. दुसऱ्या वर्षी ढाबे वाढले, दूध वाढलं. शोषखड्डा भरून वाहायला लागला. मला दिसत होतं — खड्ड्याच्या खालच्या अंगाला मुरूम ओला राहतोय, माश्या बसतायत. मी त्यावर माती टाकून घेतली.

माघात ठकूआक्का आली. "मास्तरीन, झिऱ्याच्या पान्याला वास मारतोय गं. ताक नासल्यावानी. वर सायीवानी काय तरी धरतंय."

मी म्हटलं, "पानं कुजली असतील, आक्का. निरगुडीची पानगळ झालीय." शिकलेल्या बाईच्या आवाजात म्हटलं. ती म्हणाली, "आसंल." आणि गेली.

ती पाणी लांबून आणायला लागली, गावातल्या नळावरून, चढ चढून. पण मेंढरांना कोण समजावणार? दोन मेंढ्या पोट फुगून गेल्या. आठवडाभरात आणखी तीन, त्यातली एक गाभण. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून झालं असावं. मग तिच्या मुलानं आईच्या नावानं पंचायतीत अर्ज दिला. माझ्याविरुद्ध.

पंचायतीच्या खोलीत बोलावलं. दहा-बारा माणसं होती. ग्रामसेवकांनी माझी फाइल काढली, पानं उलटली आणि थांबले. भला माणूस, आवाज खाली आणून म्हणाले, "आक्का, या पंचनाम्यात तर तिथं पाण्याचा स्रोतच नाही असं लिहिलंय. आणि पंच म्हणून सही तुमची आहे. तुमचा अर्ज तुमच्याच सहीच्या विरुद्ध जातोय."

ठकूआक्कानं कागद घेतला. खिडकीच्या उजेडाला धरला. त्या अख्ख्या पानावर तिला वाचता येणारी चारच अक्षरं होती. त्यांच्याखाली तिनं बोट ठेवलं. "व्हय. माजीच हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "सही करताना डोळं कुटं व्हतं, आक्का?" दोघं-तिघं हसले.

"आवो पर झिरा हाय की. सासूच्या आदीपास्नं हाय. कुनीबी येऊन बघा."

ग्रामसेवकांनी माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुमचं काय म्हणणं?"

बघा, त्यांनी विचारलं होतं. सरळ मला विचारलं होतं. आणि मी म्हणाले, "पाहणी साहेबांनी केली. त्यांनी लिहिलं ते लिहिलं." साहेबांची बदली होऊन वर्ष झालं होतं. जे तिथं नव्हते, त्यांच्यावर मी ढकललं. बूट काढून आत येणाऱ्या त्या पोरावर.

ठकूआक्काच्या मुलानं रागानं कागद टेबलावर टाकला आणि निघून गेला. अर्ज तिनं मागं घेतला. विषय संपला.

मी बाहेर आले, चपला शोधत होते. ती कठड्याला टेकून उभी होती. माझी वाट बघत. मला वाटलं, आता बोलेल. शिव्या देईल. द्याव्यात, असं वाटलं. खरंच वाटलं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली —

"मास्तरीन, तुज्यावर अर्ज क्येला, राग नगं धरूस. पोरगं तापट हाय. तू तर समदं वाचून दावलं व्हतंस. ती वळबी वाचली आसशील. माजंच ध्यान मेंढरांकडं आसंल. न्हाई का?"

काय म्हणायला हवं होतं मला? एवढंच — न्हाई आक्का, ती ओळ मी वाचलीच नव्हती. बस. ती समोर होती, पंचायतीच्या पडवीत दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "असेल, आक्का."

हे ते. एवढ्यासाठी तुम्हाला बसवलं. 'नाही' लिहिलं ते भीतीनं. ओळ गाळली ती घाईनं, हावेनं — काहीही म्हणा. पण त्या 'असेल'ला कुठलंच नाव देता येत नाही मला. धंदा वाचलेला होता. अर्ज मागं गेलेला होता. मला कशाचीच भीती उरली नव्हती. तरी एका बाईला मी तिच्याच ध्यानावर शंका घ्यायला लावली, आणि तिनं ती घेतली, वर माझी माफी मागितली.

त्या पावसाळ्याआधी मुलानं मेंढरं विकली आणि चाकणला कंपनीत कामाला लागला. बँकेत त्याच्याबरोबर गेलेली ठकूआक्का सहीच्या जागी अंगठा देऊन आली, असं सून माझ्या कामाच्या बायकांना सांगत होती. येतीय की तुमाला सही, असं सुनेनं म्हटलं, तर म्हणे, नको बाई, आपलं काय खरं न्हाई आता. मी पनीरचं फडकं पिळत होते. पिळत राहिले.

वस्ती उठली. सून-मुलगा चाकणला, ठकूआक्का लेकीकडं, तळेघरच्या वरच्या अंगाला. पुढच्या वर्षी मी पक्की टाकी बांधली. निवळी आता गाडी येऊन नेते. लोकांना सांगितलं, परवान्याच्या नूतनीकरणाला लागते म्हणून बांधली. झिरा दोन पावसाळ्यांनी निवळला. मी जाऊन बघते कधी कधी. पाणी स्वच्छ आहे. प्यायला कुणी येत नाही.

दोन महिन्यांपूर्वी मंचरच्या स्टँडवर ती भेटली. मीच आधी पाहिलं. क्षणभर वाटलं, वळावं. पण तिनं हाक मारली, "मास्तरीन गं!" — सगळा स्टँड बघायला लागला. वाळली होती. डोळ्याच्या डॉक्टरकडं आली होती, एकटीच. तळेघरकडची गाडी लवकर नव्हती. मी तिच्याशेजारी बाकावर बसले.

तिनं माझ्या लेकीची चौकशी केली. कारखान्याची केली. "लई झ्याक चाललंय म्हनं तुजं," म्हणाली, आणि आनंद झाल्यावर बघतात तसं माझ्याकडं बघितलं. तिकडं भात चांगला येतो, म्हणाली, पण पावसात चालून चालून पाय दुखतात. मग पिशवीतून नाचणीच्या पिठाची पुडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. डॉक्टरसाठी आणली होती. ते नको म्हणाले. "तू ने," म्हणाली.

आम्ही तासभर बसलो होतो. बाकावर दोघीच. तिला कानानं स्वच्छ ऐकू येत होतं. गाडीसुद्धा उशिरानं आली. मी तिला नाचणीचं पीठ किती दिवस टिकतं, ते विचारत होते.